गावाची वीज आणि स्थानिक स्वराज्य : नगर जिल्ह्याच्या इतिहासातील एक प्रकरण

वीज ही कोणाची, हा प्रश्न आपल्याकडे सहसा अर्थशास्त्राच्या किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांवर सोपविला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे त्यात काही आहे, ही गोष्ट अद्याप फारशी कोणाच्या ध्यानात आलेली दिसत नाही. परंतु ज्या जिल्ह्यात सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला, ज्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी चाळीस वर्षे आपल्या स्वतःच्या मालकीची वीजवितरण संस्था चालविली, आणि ज्या जिल्ह्यातील एका गावात सौर कृषी वाहिनीचा राज्यातील आरंभीचा प्रयोग झाला, त्या अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यापुरता तरी हा प्रश्न ऐतिहासिक आहे, यात शंका नाही. प्रस्तुत लेखात ग्रामपंचायत, नगरपालिका व जिल्हा परिषद या स्थानिक संस्थांनी सामुदायिक वीजपुरवठ्यास कोणत्या नात्याने हात दिला, आणि सूर्यापासून मिळणाऱ्या विजेच्या आजच्या काळात ते नाते कसे पालटले आहे, याचा विचार करावयाचा आहे.

आरंभ कायद्यापासून करणे सोयीचे होईल. १९१० च्या भारतीय वीज अधिनियमान्वये वीजपुरवठ्याचे परवाने शहरोशहरी बहुधा खासगी कंपन्यांना दिले जात. तथापि ह्या अधिनियमाने स्थानिक संस्थेला दोन हक्क राखून ठेवले होते. परवाना देण्यापूर्वी स्थानिक संस्थेने हरकत घेतल्यास आणि सरकारला ती पुरेशी न वाटल्यास त्याची कारणे लेखी नमूद करून त्या संस्थेस कळवावी लागत. हा पहिला हक्क. दुसरा हक्क अधिक महत्त्वाचा होता. परवान्याची मुदत संपल्यावर सबंध वीजव्यवस्था विकत घेण्याचा पर्याय, पुरवठ्याचे क्षेत्र एकाच स्थानिक संस्थेच्या हद्दीत असल्यास, त्या संस्थेला मिळत असे. म्हणजे आज कंपनीची असलेली वीज उद्या नगराची होऊ शकेल, हे तत्त्व त्या परकीय राजवटीच्या कायद्यात गृहीत धरलेले होते. इंग्लंडात अनेक नगरपालिका स्वतःच वीज निर्माण करीत व विकीत, त्या प्रघाताची छाया येथे पडली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. १९४८ च्या वीज (पुरवठा) अधिनियमाने राज्य वीज मंडळांची कल्पना आणली, आणि १९५९ च्या दुरुस्तीने खरेदीचा पहिला पर्याय वीज मंडळाला देऊन टाकला. मंडळाने तो नाकारल्यास राज्य सरकार आणि सरकारनेही नाकारल्यास स्थानिक संस्था, असा नवा क्रम लागला. पहिल्या पंगतीतील पाहुणा तिसऱ्या पंगतीत जाऊन बसला. ह्या बदलाला त्या काळी फारसा विरोध झाला नाही, आणि त्याचे कारणही उघड आहे. लहानलहान वीजघरे एकमेकांपासून तुटक चालविण्यापेक्षा मोठ्या जलविद्युत व औष्णिक केंद्रांतून सबंध राज्यात जाळे विणणे स्वस्त पडणार होते. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले ते ह्या विचाराच्या भरात. खेड्यांत वीज पोचविण्याच्या कामी मंडळाने पुढील तीन दशकांत जे केले ते लहान नव्हे. परंतु मालकी व निर्णय यांचे स्थान त्याबरोबर गावाबाहेर गेले, हेही नोंदविले पाहिजे.

मग गावाकडे काय उरले? उरली ती दिवाबत्ती. १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमाच्या अनुसूचीत गावात दिवाबत्ती करणे हे पंचायतीचे काम म्हणून नमूद आहे आणि त्यासाठी दिवाबत्ती कर बसविण्याची मुभा आहे. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामास लागल्या. पंचायत म्हणजे रस्त्यावरच्या दिव्यांचे बिल भरणारी ग्राहक, एवढेच तिचे वीजक्षेत्रातील रूप राहिले. हे बिल पंचायतीने भरावे, जिल्हा परिषदेने भरावे की राज्याने, हा वाद अर्धशतक चालत आला. अगदी २०२१ मध्ये राज्य सरकारने पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून ही बिले भागवावीत असे सांगितले, तेव्हाही थकलेल्या बिलांपायी गावोगावचे दिवे बंद पडण्याची वेळ आलेली होती. ज्या संस्थेला आपल्या चौकातला दिवा आपल्या हिमतीवर तेवत ठेवता येत नाही, तिच्याकडून वीजनिर्मितीची अपेक्षा करणे हा विनोद वाटेल. पण हा विनोद पुढे घटनादुरुस्तीत शिरला, त्याकडे नंतर येऊ.

ह्या सर्वसाधारण प्रवाहाविरुद्ध नगर जिल्ह्याच्या उत्तर भागात जे घडले ते विलक्षण होते. प्रवरेवर भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले आणि तिच्या पाटांच्या पाण्यावर ऊस उभा राहिला. (धरणाच्या पायथ्याशी वीजघर यावयास पुढे सुमारे साठ वर्षे जावी लागली, पाणी खाली वाहते आहे तर त्यातून वीज घ्यावी, हे पाटबंधाऱ्याच्या हिशेबात तेव्हा बसत नव्हते.) १९४८ मध्ये नोंदल्या गेलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याने विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांना भागभांडवल, सभा, ठराव व लेखापरीक्षण यांची सवय लावली. पुढे मुळा नदीवर बारागाव नांदूर येथे धरण झाले. पाटाचे पाणी, त्यामुळे भरलेल्या विहिरी आणि विहिरींवर बसविलेल्या मोटारी, असा हा क्रम आहे. विजेची भूक ह्या टापूत दिव्यापेक्षा मोटारीची होती.

१९६९ साली दोन गोष्टी जुळून आल्या. वेंकटप्पय्या समितीच्या शिफारशीस अनुसरून ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झाले, आणि अमेरिकेतील ग्रामीण वीज सहकारी संस्थांच्या राष्ट्रीय संघाच्या तांत्रिक साहाय्याने देशात पाच प्रायोगिक वीज सहकारी संस्था काढण्याचे ठरले. अमेरिकेत १९३५ नंतर रूझवेल्टच्या कारकिर्दीत, खासगी कंपन्या ज्या शेतांपर्यंत तारा नेण्यास तयार नव्हत्या तेथे शेतकऱ्यांनी सरकारी कर्जावर स्वतःच तारा नेल्या होत्या. त्या नमुन्याची ही भारतीय आवृत्ती होय. आंध्रात सिरसिल्ला, म्हैसूर राज्यात बेळगाव जिल्ह्यातील हुकेरी, गुजरातेत कोडीनार, उत्तर प्रदेशात लखनौ आणि महाराष्ट्रात मुळा-प्रवरा, अशी ही पाच स्थाने होत. त्या वेळी नियोजन मंडळाच्या उपाध्यक्षपदी धनंजयराव गाडगीळ होते, ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. ज्या टापूत त्यांनी स्वतः सहकाराचा प्रयोग पाहिला व घडविला होता, त्याच टापूत हे नवे रोप लावले गेले.

मुळा-प्रवरा इलेक्ट्रिक को-ऑपरेटिव्ह सोसायटीचे मुख्यालय श्रीरामपूर येथे होते. श्रीरामपूर व राहुरी हे तिचे मुख्य क्षेत्र. लगतच्या तालुक्यांतील गावे धरून सुमारे एकशे ऐंशी गावे तिच्याकडे होती. संस्था वीज निर्माण करीत नसे. वीज मंडळाकडून ती घाऊक दराने विकत घेई आणि सभासदांना वाटी. खांब, तारा, रोहित्रे, वायरमन, मीटर, बिलाची वसुली हे सर्व तिचे स्वतःचे. जळालेले रोहित्र बदलून मिळावे म्हणून शेतकऱ्याला जिल्ह्याच्या गावी जावे लागत नसे. श्रीरामपुरास गेले की काम होई, आणि तेथे बसलेला संचालक त्याच्याच मतावर निवडून आलेला असे. सामुदायिक वीज ह्या शब्दप्रयोगाचा आशय ह्याहून वेगळा असण्याचे कारण नाही.

मग ही संस्था का टिकली नाही? ह्या प्रश्नाचे उत्तर देताना दोन टोकाची मते ऐकू येतात. पुढाऱ्यांनी ती बुडविली असे एक, आणि मंडळाने ती गिळली असे दुसरे. दोन्हींत तथ्यांश असू शकेल. परंतु आमच्या मते मूळ कारण तिच्या रचनेत होते. संस्थेला घाऊक दर बाहेरून ठरवून मिळे आणि किरकोळ दरही प्रत्यक्षात बाहेरूनच ठरे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात वीज मंडळाने शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर ठोक आकारणी सुरू केली. शेजारच्या गावी, जेथे मंडळाची वीज होती तेथे, शेतकरी अश्वशक्तीप्रमाणे स्वस्त रक्कम भरीत असता मुळा-प्रवरेच्या सभासदाकडून युनिटमागे पैसे मागणे कोणत्याही संचालक मंडळाला शक्य नव्हते. साऱ्या राज्यात घरगुती व औद्योगिक ग्राहकांकडून अधिक घेऊन मंडळ शेतीची तूट भरून काढू शके. मुळा-प्रवरेकडे उसाच्या विहिरी अधिक आणि मोठे कारखानदार ग्राहक थोडे. तुटीची भरपाई सरकारकडून यावयाची. ती किती, केव्हा व कोणत्या हिशेबाने, ह्यावर वर्षानुवर्षे वाद झाले. वाटेत गळती होती, चोरीचे आकडे होते, वसुली ढिली होती. पण ह्या व्याधी मंडळाच्या स्वतःच्या क्षेत्रातही होत्याच. मंडळाच्या पदरचा तोटा राज्याच्या तिजोरीत विरून जाई, तर संस्थेचा तोटा मंडळाची थकबाकी म्हणून तिच्या नावावर चढे आणि त्यावर व्याज लागे. भेद असेल तो एवढाच.

२००४ सालच्या निवडणुकीपूर्वी राज्य सरकारने शेतीला मोफत वीज जाहीर केली व पुढील वर्षी ती मागे घेतली. असल्या घोषणेचा निर्णय मुंबईस होतो आणि तिच्यामुळे मोडलेली बिल भरण्याची सवय मात्र श्रीरामपूरच्या वसुली कारकुनाला पुन्हा लावावी लागते. दर ठरविण्याचे काम तोवर वीज नियामक आयोगाकडे गेलेले होते. संस्थेचा परवाना ३१ जानेवारी २०११ रोजी संपला, तेव्हा महावितरणच्या हिशेबाने तिच्याकडील थकबाकी दोन हजार कोटी रुपयांच्या वर गेलेली होती. आयोगाने ते क्षेत्र महावितरणकडे सोपविले. चाळीस वर्षांचा हा अध्याय असा संपला. सहकाराचे रूपच मुळात अपात्र होते, असा निष्कर्ष मात्र ह्यातून काढता येत नाही. कारण त्याच पाच रोपांपैकी सिरसिल्ला व हुकेरी येथील संस्था आजही वीज वाटीत आहेत. हुकेरी तर आपल्या सीमेला लागूनच आहे. नगरच्या अभ्यासकाने एकदा तेथील दप्तर पाहावे, अशी आमची सूचना आहे.

ह्या सबंध काळात ग्रामपंचायती व जिल्हा परिषद कोठे होत्या? बाजूला उभ्या होत्या, असेच म्हणावे लागते. गावातील तीच माणसे पंचायतीत, सेवा सोसायटीत आणि वीज संस्थेत बसत. पण संस्था म्हणून पंचायतीचा वीज संस्थेशी संबंध दिवाबत्तीच्या बिलापुरता होता. भागभांडवलात पंचायत नव्हती, जामीनदार म्हणून जिल्हा परिषद नव्हती. कोपनहेगनसमोरच्या समुद्रात मिडलग्रुंडन येथे २००० साली वीस पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांतील दहा नगराच्या वीजसंस्थेच्या आणि दहा हजारो नागरिकांच्या सहकारी मंडळाच्या. स्थानिक सत्ता आणि सहकार यांनी एकाच कामात निम्मेनिम्मे उभे राहावे ही कल्पना नगर जिल्ह्यात कोणाला सुचली नाही. सुचली असती तरी तिला त्या वेळच्या कायद्यात जागा सापडली असती की नाही, हा वेगळा प्रश्न.

कायद्यात जागा झाली ती नंतर. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीच्या अकराव्या अनुसूचीत, पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांत, चौदाव्या क्रमांकावर वीजवितरणासह ग्रामीण विद्युतीकरण आणि पंधराव्यावर अपारंपरिक ऊर्जासाधने हे विषय घातले गेले. २००३ च्या वीज अधिनियमाने तर पंचायत, सहकारी संस्था किंवा ग्राहकांचा संघ यांना ग्रामीण वितरण सांभाळता येईल असे म्हटले, आणि अधिसूचित ग्रामीण भागात वीज निर्माण करून वाटणाऱ्यास परवान्याची आवश्यकता ठेवली नाही. ज्या वर्षांत मुळा-प्रवरेचा परवाना संपण्याच्या वाटेला लागला होता, त्याच वर्षांत कायदा असल्या संस्थांना दार उघडीत होता! इतिहासात असे व्यत्यास विरळा नाहीत.

ह्या उघड्या दारातून आत गेलेल्यांची उदाहरणे थोडी आहेत. तमिळनाडूत कोइमतूर जिल्ह्यातील ओडनतुरै ग्रामपंचायतीने २००६ साली सुमारे दीड कोटी रुपये खर्चून, बहुतांश बँकेच्या कर्जावर, ३५० किलोवॅटची पवनचक्की विकत घेतली. आपली गरज भागवून उरलेली वीज ती राज्याच्या मंडळास विकू लागली आणि त्या उत्पन्नातून कर्ज फेडू लागली. पारनेर तालुक्यात सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर त्याच दशकात पवनचक्क्या फिरू लागल्या. त्या खासगी गुंतवणूकदारांच्या. वारा दोन्हीकडे सारखाच वाहत होता. नगरच्या शेजारी जुन्नर तालुक्यातील दरेवाडी ह्या आदिवासी वस्तीत २०१२ मध्ये ३९ घरांसाठी सुमारे नऊ किलोवॅटचे सौर वीजघर उभारले गेले आणि ते चालविण्यासाठी गावकऱ्यांचा न्यास झाला. घरोघरी मीटर बसवून दरमहा पैसे गोळा करण्याची शिस्त तेथे प्रथमपासून पाळली गेली. (संगमनेर तालुक्यातही पाणलोटाच्या कामासाठी नावाजलेले दरेवाडी आहे, वाचकांनी ह्या दोहोंची गल्लत करू नये.) जुन्नरच्या दरेवाडीत दर व वसुली गावाच्या हाती होती, ही गोष्ट मुळा-प्रवरेच्या संदर्भात विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे.

आता राळेगणसिद्धीकडे वळू. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने ह्या गावात पाणलोट, ग्रामसभा व श्रमदान यांची घडी बसली आणि गोबर गॅस व सौर दिवे तेथे बऱ्याच आधी पोचले. जून २०१७ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली तेव्हा पहिल्या प्रयोगासाठी राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी ही गावे निवडली गेली. योजनेचे मर्म साधे आहे. उपकेंद्राजवळ काही एकर जमिनीवर सौर वीजघर उभारावयाचे आणि शेतीपंपांची स्वतंत्र वाहिनी त्यावर दिवसा चालवावयाची. शेतकऱ्यास वीज नेहमीच्याच तारेतून मिळते, त्याच्या बांधावर काही बसवावे लागत नाही. ज्याने उसाच्या फडात रात्री दोन वाजता दारे धरली आहेत, आणि संगमनेर, अकोले, राहुरीकडे बिबट्याच्या भीतीने कंदील हलवीत उभा राहिला आहे, त्याला दिवसाच्या विजेचे मोल सांगावे लागत नाही. येथे पहिल्या प्रथम विजेचे वेळापत्रक शेतकऱ्याच्या दिनक्रमाशी जुळले. आमच्या मते हा लाभ दरातील सवलतीहून मोठा आहे.

२०२३ मध्ये ह्या योजनेची दुसरी आवृत्ती आली. तीत खासगी जमीनमालकास हेक्टरी वर्षास सव्वा लाख रुपये भाडेपट्टा, सरकारी जमीन नाममात्र भाड्याने, आणि ज्या गावात वीजघर होईल तेथील ग्रामपंचायतीस तीन वर्षे दरसाल पाच लाख रुपये, अशी तरतूद आहे. तिच्यातील पहिले वीजघर, तीन मेगावॅटचे, २०२४ साली शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे सुरू झाले. पंचायत येथे प्रथमच वीजव्यवस्थेत काही मिळविणारी झाली. बिल भरणारी एवढीच तिची ओळख राहिली नाही. गायरान देणे, ठराव करणे, गावातील शंका दूर करणे ही कामे तिच्याखेरीज होणार नाहीत, हे सरकारने मान्य केले, ही गोष्ट स्वागतार्ह होय.

तथापि हिशेब मांडून पाहावा. दोन मेगावॅटच्या वीजघरास दहा एकरांच्या आसपास जमीन लागते आणि त्यातून वर्षाकाठी तीस-तेहेतीस लाख युनिट वीज निघावी. युनिटास तीन रुपये धरले तरी ती सुमारे एक कोटी रुपयांची होते, आणि असे करार पंचवीस वर्षांचे असतात. त्यातून पंचायतीच्या हाती येणारे एकूण पंधरा लाख, तेही पहिल्या तीन वर्षांत. चौथ्या वर्षापासून गायरानावर काचेची रांग उभी राहील आणि पंचायतीचा तिच्याशी संबंध करवसुलीपुरता उरेल. ओडनतुरैची पंचायत कर्ज काढून मालक झाली. आपली पंचायत जमीन देऊन मानकरी झाली. मानकऱ्याला नारळ मिळतो, देवस्थानचे उत्पन्न नव्हे.

यावर असे उत्तर दिले जाईल की पंचायतीजवळ भांडवल नाही, तंत्रज्ञ नाहीत, आणि मुळा-प्रवरेचे काय झाले ते आपण पाहिलेच आहे. पहिल्या दोन आक्षेपांत बळ आहे. पण तिसऱ्याची दिशा चुकते. मुळा-प्रवरेला वीज विकत घ्यावी लागे आणि घाऊक दराचा बोजा दरवर्षी वाढे. सौर वीजघराचा खर्च जवळजवळ सगळा आरंभीच होतो, पुढे इंधनाचे बिल नाही आणि विजेचा ग्राहक ठरलेला आहे. जी संस्था गावाच्या मोटारींकडून वसुली करण्यात थकली, तिला त्याऐवजी महावितरणला वीज विकून ठरलेल्या तारखेस पैसे घ्यावयाचे असते, तर तिचा ताळेबंद निराळा दिसला असता. शिवाय २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षे मोफत वीज देण्याची योजना राज्याने सुरू केली आहे. तिचा अर्थ असा की किरकोळ वितरणात पंचायतीने किंवा सहकारी संस्थेने पडण्यासारखी स्थिती आज नाही. निर्मितीत मात्र ती आहे. साखर कारखान्यांनी उसाच्या चिपाडांवर वीज निर्माण करून विकण्याचे काम ह्याच जिल्ह्यात केले आहे, म्हणजे सहकाराला हा व्यवहार अपरिचितही नाही.

सातारा जिल्ह्यातील मान्याचीवाडीचे उदाहरण येथे जोडणे योग्य होईल. पाटण तालुक्यातील ह्या लहान गावात २०२४ पर्यंत सर्व, म्हणजे शंभरावर, वीजग्राहकांच्या छपरांवर सौर पट्टे बसले आणि ते राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. प्रत्येक छप्पर वेगळ्या मालकाचे, पण सर्वांना एकाच वेळी तयार करण्याचे काम ग्रामपंचायतीचे. केंद्राच्या सूर्यघर योजनेतही अशा प्रत्येक छपरामागे स्थानिक संस्थेस एक हजार रुपये आणि प्रत्येक जिल्ह्यातील एका आदर्श सौरग्रामास एक कोटी रुपये ठेवलेले आहेत.

नगर जिल्ह्याच्या वीज-इतिहासाची साधने विखुरलेली असून त्यांतील काही नाहीशी होण्याच्या मार्गावर आहेत. मुळा-प्रवरेची वार्षिक अहवालपत्रे, सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते व शाखांची वसुली पुस्तके एकत्र आणून त्यांची सूची करणे हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एका गटाने दोन वर्षांत पुरे करण्यासारखे आहे. त्याच्या जोडीस राळेगणसिद्धी व आसपासच्या ग्रामपंचायतींचे २०१७ नंतरचे ठराव पाहावेत. कोणी जमिनीला संमती दिली, कोणी हरकत घेतली आणि पाच लाख रुपये आल्यावर ते कशावर खर्चावे याविषयी ग्रामसभेत काय बोलले गेले, हे त्या ठरावबुकांत शोधता येईल. संस्थेच्या जुन्या नोकरांपैकी कित्येक आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या मुलाखतींपासून कामास आरंभ करावा.